मेणबत्तीच्या प्रयोगात चौथीतल्या पोरीने पकडलं, आता पुढे काय करू?

घाटावरचा_मास्तर:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचक होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी, पट १९. तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र, म्हणजे अकरा डोकी. माझं स्वतःचं बारावी आर्ट्स आणि मग डीएड, त्यामुळे विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. पण यावर्षी ठरवलं होतं की परिसर अभ्यासात जिथे जिथे करून दाखवता येईल तिथे फळ्यावर लिहून द्यायचं नाही, करायचं. पाण्याचे प्रयोग झाले, बिया रुजवून झाल्या, पोरं खूश, मी पण खूश.

गेल्या शुक्रवारी हवेवर होतो. आपण सगळेच शिकलोय तो प्रयोग घेतला. स्टीलच्या ताटात पाणी, त्यात कपड्याची नीळ टाकली म्हणजे नीट दिसेल, मधे मेणबत्ती, वरून कॉफीची रिकामी बाटली उपडी. सरळ भिंतीची बाटली आहे, उंची १५ सेंमी, बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून पोरांनीच सेंमीच्या खुणा केल्या होत्या. मेणबत्ती विझली, पाणी सर्रकन वर चढलं, ३ सेंमी! म्हणजे बरोब्बर पाचवा हिस्सा. मी मनातल्या मनात कॉलर टाइट केली आणि सांगून मोकळा झालो की बघा, हवेचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन, तो मेणबत्तीने संपवला म्हणून मेणबत्ती विझली आणि त्याची जागा पाण्याने घेतली. लिहून घ्या.

लिहून घेता घेता चौथीतली एक पोरगी म्हणाली, गुरुजी तीन मेणबत्त्या लावूया का. म्हटलं लावूया की, काय बिघडतंय. लावल्या. पाणी चढलं साडेपाच सेंमी.

ती पट्टीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "गुरुजी, आता हवेत ऑक्सिजन वाढला का?"

मी म्हटलं नाही गं, तीन मेणबत्त्यांनी जास्त ऑक्सिजन खाल्ला. तर म्हणते, "पण मगाशी एकीनेच सगळा खाल्ला होता ना, म्हणून तर ती विझली असं तुम्हीच सांगितलंत."

खरं सांगतो, घाम फुटला. मधली सुट्टी झाली म्हणून वाचलो, खिचडी थंड होतेय चला चला करत सगळ्यांना बाहेर काढलं. शनिवारी शाळेत तिने पहिला प्रश्न तोच विचारला. मी सांगितलं सोमवारी बघू. उद्या सोमवार.

तर मला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे खरं कारण काय आहे ते मला समजेल अशा भाषेत कुणीतरी सांगा, नेटवर शोधलं तर निम्मे व्हिडिओ माझंच उत्तर देतात. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं, असं तोंडघशी पडल्यावर तुम्ही वर्गात काय करता? "मला माहीत नाही" असं म्हणायला माझी हरकत नाही हो, पण म्हटल्यावर पुढे काय? अकरा जण तोंडाकडे बघत बसलेले असतात. वर आमच्याकडे वरून जे तपासायला येतात ते पहिलं विचारतात कितवा धडा चालू आहे. हवेच्या एका प्रयोगात आठवडा गेला असं त्यांना सांगू का?


रानजाई:

वाचतेय. त्या पोरीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या आधी.


निवृत्त_पण_चालू:

मास्तर, सगळ्यात आधी अभिनंदन. ३४ वर्षं हायस्कूलात विज्ञान शिकवलं, त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मीसुद्धा हेच चुकीचं उत्तर सांगत होतो आणि माझ्या वर्गात असं कुणी विचारलंच नाही, कारण मी तीन मेणबत्त्या लावूच देत नव्हतो. प्रयोग टेबलावर, मी करणार, पोरं बाकावरून बघणार. तुम्ही लावू दिल्यात.

आता कारण. हे तुमच्यासाठी, पोरांना लगेच सांगू नका, का ते पुढे येतंय.

जळत्या मेणबत्तीच्या भोवतीची हवा तापते आणि फुगते. तुम्ही बाटली वरून खाली आणता तेव्हा ती आधीच या तापलेल्या, फुगलेल्या हवेने भरते. बाटलीचं तोंड पाण्यात टेकल्यावरही हवा फुगतच असते, म्हणून थोडी हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. नीट बघितलंत तर काठाशी बुडबुडे दिसतील. मग ज्योत विझते, आतली हवा झटकन थंड होते, आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा ताटातल्या पाण्याला आत रेटते. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, जास्त हवा आधीच बाहेर गेलेली, म्हणून पाणी जास्त वर. तुमचे ते ३ सेंमी बरोब्बर पाचवा हिस्सा आले तो निव्वळ योगायोग आणि या योगायोगानेच हे उत्तर इतकी वर्षं टिकलंय.

मेणबत्ती विझते तेव्हा बाटलीतला ऑक्सिजन संपलेलाही नसतो. २१ टक्क्यांवरून साधारण १६ च्या आसपास आला की ज्योत तग धरत नाही, बाकीचा तसाच आत राहतो. शिवाय जेवढा वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वाफ थंड होऊन काचेवर बसते, कार्बन डायऑक्साइड बराचसा वायू म्हणूनच राहतो. म्हणजे ऑक्सिजन गेल्याचा काहीच वाटा नाही असं नाही, थोडासा आहे, पण मोठा खेळ उष्णतेचा.

आता वर्गात काय करायचं. उद्या प्रयोग पुन्हा लावा आणि पोरांना फक्त एक काम द्या, पाणी कधी चढतं ते बघा. ज्योत जळत असताना की विझल्यावर? निम्म्या पोरांनी ज्योतीकडे बघायचं आणि विझली की ओरडायचं, उरलेल्यांनी पाण्याच्या खुणेवर डोळा ठेवायचा. ऑक्सिजन खाल्ल्यामुळे पाणी चढत असेल तर ज्योत जळते आहे तोवर हळूहळू चढायला पाहिजे. तसं होतं का ते त्यांनाच ठरवू द्या. बुडबुड्यांसाठी एकाला ताटाशी डोळे लावून बसवा. आणि आगपेटी तुमच्याच हातात, केस बांधलेले, ओढणी-रिबिनी लांब, हे सांगायला नको पण सांगतो.

मग तिसरी गोष्ट, ज्योतच काढून टाका. बाटलीत अंघोळीला घेतो तितपत गरम पाणी भरा, उकळतं नको, काच तडकते. दोन मिनिटं ठेवा, ओता आणि लगेच रिकामी बाटली नीळ घातलेल्या पाण्यात उपडी. मेणबत्ती नाही, जाळ नाही, तरी पाणी सेंमी-दीड सेंमी चढतं. यावर तुमच्या त्या विद्यार्थिनीचं काय म्हणणं आहे ते मला नक्की कळवा.


खडूफळा:

सगळं छान आहे, वाचायला बरं वाटतं. पण मी पण जि.प. मधेच आहे आणि माझा पट ४३ आहे, चार वर्ग मिळून. सकाळी परिपाठ, मग ऑनलाइन माहिती, अमुक लिंक भरा, तमुक फोटो अपलोड करा, मधे पोषण आहाराची नोंद, त्यात दोन दिवस प्रशिक्षण. यात मेणबत्ती तीनदा कधी लावू? वाचन येत नसलेली पोरं चौथीत बसलीत त्यांचं काय? आधी वाचता येऊ दे, मग विज्ञान. कटू वाटेल पण खरं आहे.


चुलीवरचीबाई:

खडूफळा सर, राग मानू नका पण "आधी वाचन मग विज्ञान" हे मला पटत नाही आणि मीसुद्धा एसी हॉलमधून बोलत नाहीये, कोकणात दुर्गम भागात बारा वर्षं झाली, पावसाळ्यात साकव ओलांडून शाळेत जाते. माझ्याकडे तिसरीत दोन मुलं होती, वाचनाचं नाव काढलं की बाकाखाली जायची. ती पहिल्यांदा स्वतःहून लिहायला लागली ती तरंगणं-बुडणं करताना, कारण अंदाज फळ्यावर लिहायचा होता आणि दुसऱ्याने लिहिला तर तो आपलं नाव आपल्या अंदाजापुढे लावणार नाही अशी त्यांना भीती :) माझ्याकडे परिसर अभ्यासाचा आणि मराठी लेखनाचा तास असा वेगळा नसतोच, एकाच वहीत जातं.

मास्तर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते कारण पहिल्याचं उत्तर सरांनी दिलंय.

माझा एकच नियम आहे. करायच्या आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, तो फळ्यावर नावासकट लिहायचा आणि प्रयोग झाल्यावर चुकलेला अंदाज पुसायचा नाही. माझा अंदाजसुद्धा त्यात असतो, "बाई" म्हणून. माझाही चुकतो. पहिल्यांदा चुकला तेव्हा वर्गात दिवाळी होती. पण त्यानंतर "बाईंना माहीत नाही" यात काही नवल राहिलं नाही, त्यामुळे तुम्हाला फुटला तसा घाम फुटत नाही.

तरंगण्याचं सांगते. पोरांचं ठाम मत, जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते. मी बटाटा टाकला, बुडला. म्हटलं आता अर्धा कापून टाकला तर? एकूण एक पोरं म्हणाली तरंगणार, अर्धा झाला ना, हलका झाला. बुडला. मग त्याचा अर्धा. बुडला. मग एकाने नखाएवढा तुकडा काढला आणि अगदी अलगद, दोन बोटांनी, पाळण्यात बाळ ठेवतात तसा पाण्यावर ठेवला. तोही गेला तळाला. तेव्हा जी शांतता झाली ना वर्गात ती मला कुठल्या प्रशिक्षणात ऐकायला मिळालेली नाही. आणि शेजारी परसातला नारळ, सोडण न काढलेला, केवढा जड, आरामात तरंगतोय.

मग पाण्यात मीठ. अर्ध्या लिटरला एकेक चहाचा चमचा मोजत टाकायचं, ढवळायचं, बटाटा टाकून बघायचं. दहा-अकरा चमच्यांना बटाटा वर आला. मीठ पोषण आहाराच्या डब्यातून घेतलं म्हणून स्वयंपाकाच्या मावशींनी माझी चांगली हजेरी घेतली, तेव्हापासून घरून नेते. (भाषेची गंमत, पोरं सगळी म्हणत होती मीठ "वितळलं". मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बर्फाचा खडा आणि मिठाचा खडा दोन वाट्यांत ठेवले, एक कोरडी, एक पाण्याची. वितळणं आणि विरघळणं हा फरक मग त्यांनीच काढला.)

आणि खरी मजा पुढे. तिसरीतला एक पोरगा, एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला बाई आमचे बाबा भाताचं बी असंच करतात. म्हटलं कसं? तर म्हणाला मिठाच्या पाण्यात टाकतात, वर येतं ते कोंबड्यांना, खाली बसतं ते पेरायला. बरोबर आहे, १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, पोचट दाणे तरंगतात, भरलेले बुडतात, मग बुडलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. कृषी सहायक दर मे महिन्यात हेच सांगत गावोगाव फिरतात. त्याच्या बाबांना शाळेत बोलावलं. त्यांनी बादलीत करून दाखवलं आणि पोरांनी त्यांना विचारलं ३०० ग्रॅमच का, बटाट्याएवढं का नाही टाकत? ते विचारात पडले, मग म्हणाले तेवढं टाकलं तर चांगलं बी पण वर येईल की. पोरांनी लगेच करून बघितलं. त्यांचं किलोभर बियाणं खर्ची पडलं पण माणूस खूश होऊन गेला.

हा सगळा उद्योग आठवडाभर चालला. तपासायला आले त्यांना वह्या दाखवल्या. त्यांनी विचारलं यातला कितवा धडा? मी म्हटलं तुम्हीच बघा ना, यात मापन आहे, मिश्रण आहे, शेती आहे, लेखन आहे. शेरा काय मारला ते सांगत नाही, पण वही मात्र मागून घेऊन गेले.


खडूफळा:

ताई राग कसला. नारळ-बटाटा करून बघतो. पण लिंक भरायचं कोण बघणार ते पण सांगा :)


नर्मदाकाठचा:

मराठी माणूस, जन्म-शिक्षण मध्य प्रदेशात, म्हणून शुद्धलेखन माफ. जुनी आठवण निघाली म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात मी होशंगाबाद जिल्ह्यात सरकारी शाळेत सहावी ते आठवी शिकलो. तिथे होशंगाबाद विज्ञान होतं, म्हणजे करून शिकायचा विज्ञानाचा कार्यक्रम. १९७२ मधे १६ शाळांपासून सुरू झालेलं, किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सुरू केलं, पुढे एकलव्य संस्थेने बघितलं, वाढत वाढत हजाराच्या आसपास शाळांत गेलं. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्तरंच नसायची! प्रयोग आणि प्रश्न, उत्तर तुम्ही काढा. चार-चारच्या टोळ्या करून बसायचो. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची परवानगी. गावातले लोक हसायचे की ही कसली परीक्षा, पण उघड्या पुस्तकातून काही मिळायचंच नाही कारण प्रश्नच तसे असायचे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार बनवायचे ते खेळसुद्धा तिथलेच, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता तिकडे आले होते १९७८ मधे, नंतर ते पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, ते तुमच्याकडे सगळ्यांना माहीत असेलच.

२००२ मधे सरकारने कार्यक्रम बंद केला. कारणांवर अजून भांडणं होतात, त्यात जात नाही. एवढंच सांगायचं होतं की आमच्या गुरुजींनाही उत्तरं यायची नाहीत, दर महिन्याला त्यांची मासिक बैठक असायची आणि तिथे ते एकमेकांना आमचे प्रश्न विचारायचे. हा धागा वाचताना तेच वाटलं. तेव्हा त्यांना बसने जावं लागायचं.


संत्रानगरी:

अवांतर होईल पण मास्तरांच्या "चुकीचं उत्तर आलं तर काय" यावर आमचं एक.

नागपूरला महानगरपालिकेच्या शाळेत चौथी आहे माझ्याकडे. मैदानात काठी रोवून सावली मोजत होतो. मी सांगून बसले की दुपारी बाराला सावली सगळ्यात छोटी. फेब्रुवारी होता. बाराला मोजली, सव्वाबाराला मोजली तर आणखी छोटी. साडेबारापर्यंत हाच गोंधळ आणि पोरं म्हणे बाई घड्याळ पुढे आहे तुमचं. मुंबईला माझी बहीण शिकवते, तिला म्हटलं तूही कर. तिच्याकडे तर पाऊण वाजून गेला तरी सावली छोटीच होत होती!

मग डोक्यात प्रकाश पडला की आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणारं. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, नागपूर त्या मानाने जवळ. एका अंशाला चार मिनिटं, मुंबई-नागपुरात साधारण सव्वासहा अंशांचा फरक म्हणजे २५ मिनिटं. वर फेब्रुवारीत सूर्य आणखी चौदा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो (माथ्यावर म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवर, डोक्यावर नाही, हे पण पोरांनीच दुरुस्त केलं, सावली तर उत्तरेला पडतेय ना बाई).

एक अडचण, सावली सगळ्यात छोटी नेमकी कधी ते डोळ्यांनी ठरतच नाही, बराच वेळ जवळपास तेवढीच राहते, आमच्याकडे यावरून मारामारीची वेळ आली. उपाय जुनाच आहे. काठीभोवती खडूने वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना शिवतं ती वेळ लिहायची, दुपारी बाहेर जाताना शिवतं ती वेळ लिहायची, मधोमधची वेळ काढायची. त्यात पोरांना वेळेचा भागाकार करावा लागतो, तो गणितात मोजला मी :)


घाटावरचा_मास्तर:

सगळ्यांचे आभार. आज सोमवार, ताजा वृत्तांत देतो.

निवृत्त सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन टोळ्या, एक ज्योतवाली, एक पाणीवाली. ज्योतवाले "गेऽऽली" ओरडले आणि त्यानंतर पाणीवाले ओरडायला लागले. तीनदा केलं, तिन्ही वेळा पाणी उशिरा. ताटाशी तिसरीतल्या सगळ्यात बारक्याला बसवला होता, तो म्हणाला बुडबुडे बाहेर गेले, "ढुब ढुब" दोनदा. ती पोरगी गप्प होती. मग चुलीवरच्या बाईंचा नियम लावून फळ्यावर अंदाज लिहिले की बिनमेणबत्तीची गरम बाटली उपडी केली तर काय. नऊ जण म्हणाले काही होणार नाही, तिने लिहिलं "थोडं चढेल", मी पण लिहिलं "थोडं चढेल" (मला माहीत होतं, म्हणजे लबाडीच, पण जाऊ दे). एक पोरगा म्हणाला बाटली फुटेल.

चढलं सव्वा सेंमी.

तर ती म्हणते, म्हणजे मेणबत्ती बाटली गरम करायला होती. बास. एवढंच. मी पण शुक्रवारचं वहीतलं वाक्य खोडायला लावलं नाही, त्याच्याखाली रेघ मारून "सोमवारी बघितलेलं" असं लिहायला लावलं.

पण आता दुसरं झेंगट. तिसरीतला एक म्हणाला, मग पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो हे खोटं का? मी म्हटलं ते खरं आहे. कशावरून? आता काय दाखवू सर? :(


निवृत्त_पण_चालू:

उत्तम. बघा, आता पाचव्या हिश्श्यासाठी लोखंड गंजवा. गंज चढताना लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं आणि बदल्यात कुठलाही वायू सोडत नाही, तापही जाणवण्याइतका होत नाही. ओल्या कापसावर लोखंडाचा कीस पसरायचा, तो बोळा बाटलीच्या तळाशी घट्ट बसवायचा, बाटली पाण्यात उपडी करून चार-पाच दिवस विसरून जायचं. पाणी हळूहळू चढत पाचव्या हिश्श्याच्या आसपास येऊन थांबतं. शेजारी तशीच एक बाटली नुसता ओला कापूस घालून ठेवा, नाहीतर कुणीतरी म्हणेल कापसानेच ओढलं.

फसण्याच्या जागा सांगतो. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी वापरू नका, ती बहुतेक स्टेनलेस असते, महिनाभर ठेवलीत तरी गंजणार नाही. ग्राइंडरची ठिणगी पडून जमलेली भुकटी पण नको, ती आधीच बरीचशी जळलेली असते. लेथवरचा (लोखंड कातायच्या यंत्रावरचा) किंवा कानशीने घासलेला कीस घ्या, त्याला तेल असतं, साबणाच्या पाण्याने धुवा, मग थोड्या व्हिनेगरमधून काढलात तर लवकर गंजतो. बोटांत घुसतो, तो तुम्ही हाताळा, पोरांना लोहचुंबक कागदात गुंडाळून द्या.


घाटावरचा_मास्तर:

धागा वर काढतोय, दोन आठवडे झाले.

तालुक्याच्या लेथवाल्याकडून कीस आणला. चार बाटल्या मांडल्या, खिडकीत नाही, कपाटावर, कारण ऊन लागलं तर पुन्हा गरम-थंडचा घोळ होईल असं पोरांनीच सांगितलं. पहिलीत कीस, दुसरीत दुप्पट कीस (ही मागणी कुणाची ते ओळखाच), तिसरीत नुसता कापूस. चौथी पोरांची स्वतःची, ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवून काळी भुकटी जमवली होती, दोन दिवस खपून.

रोज सकाळी परिपाठाआधी खुणा. पहिल्या दिवशी काही नाही, पोरं नाराज. दुसऱ्या दिवशी कीस तांबूस आणि पाणी एक सेंमीच्या वर. पाचव्या दिवशी पहिलीत तीनला थोडं कमी, दुसरी म्हणजे दुप्पटवाली लवकर चढली होती पण थांबली तिथेच, तीनच्या जराशी खाली. सहाव्या-सातव्या दिवशी पण हललं नाही. तिने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून बघितल्या आणि वहीत लिहिलं, शब्दशः देतो, "मेणबत्ती वाढवली तर पाणी वाढते. कीस वाढवला तर पाणी वाढत नाही." मी सही केली फक्त.

कापूसवाली हलली नाही. आणि काळ्या वाळूवाली पण हलली नाही, त्यावरून दोन पोरं माझ्याशी बोलत नाहीयेत. लोखंडच आहे ना गुरुजी, चुंबकाला चिकटतं ना, मग गंजत का नाही?


निवृत्त_पण_चालू:

चुंबकाला चिकटतं ते सगळं लोखंड नव्हे. ती काळी भुकटी बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन आधीच एकत्र झालेलं खनिज, एका अर्थी गंजून बसलेलंच. सांगायचं की अजून काही दिवस ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मी असतो तर थोडं ठेवलं असतं. त्या दोघांना म्हणावं लेथचा कीस आणि वाळूची भुकटी दगडावर ठेवून हातोडीने ठोका, काय होतं ते लिहा. डोळे सांभाळून.


चुलीवरचीबाई:

मास्तर, लेथचा कीस थोडा पाठवाल का हो? आमच्याकडे लेथ सगळ्यात जवळचा चाळीस किलोमीटरवर, आणि मला जूनआधी हे लावायचंय, पावसात सगळंच गंजतं, मग फरक काय दिसणार.


घाटावरचा_मास्तर:

पाठवतो की. लेथवाला पैसेच घेत नाही, म्हणतो न्या, मला टाकायलाच जावं लागतं. पत्ता निरोपात कळवा. धुवून पाठवू का तेलासकट? धुतला तर वाटेतच गंजायचा.


चुलीवरचीबाई:

तेलासकटच पाठवा. धुवायला पोरं आहेत.